बरणीतला हात

रविवार, १४ मार्च १९९९. सकाळचे अकरा. जुन्नरच्या आठवडे बाजारामागच्या गल्लीत भागुजी बाइंडरचं दुकान. वाचनालयाचे संपतराव बांधायला दिलेली चार पुस्तकं न्यायला आले होते.

— न्हाई, संपतराव, तीन झाली, चौथं न्हाई. खळ वाळली न्हाई म्हणा— म्हणा काय, खरं सांगतो, शिवलंच न्हाई. बसा. गावातले म्हातारे डॉक्टर वारल्यावर त्यांच्या लेकीनं वाचनालयाला दिलेलं, तेच— पुण्याच्या कुठल्याशा डॉक्टरी कालिजातल्या बरण्यांचं, चित्रांचं. काळजं, कवट्या, जुन्या डॉक्टरांच्या मिशा— छपाई लई झ्याक. मी चाळीस वर्सं पुस्तकं बांधतो, वाचत एक न्हाई. वाचत बसलो तर खाऊ काय? पण चित्रं बघतो. एकटा माणूस, दुसरं काय बघणार? लेक, प्रज्ञा, दिलीय डिंभ्याला— यष्टी आली तर ती येती.

हे पान बघा. तोंड फिरवू नका, हातच हाय. बाईचा. कोपरापासून खाली, काचंत. गोंदण दिसतंय? वाचा— हां. माझंच नाव. हसू नका राव, भागुजी जुन्नरात पन्नास असतील, ठाव हाय मला. पण शेवटची रेघ बघा, मनगटाकडं पळालेली. बायको ह्याच बाजारात गोंदून घेत व्हती, लग्नाला म्हैना झालेला. मी म्हणालो, आता दुसरा करायची सोय ऱ्हायली न्हाई बघ. ती हसली, हात हालला. गोंदणारीण माझ्यावरच खेकसली.

जानका. पोटात गाठ व्हती. अठ्ठ्याहत्तरचा जून. पुण्याला दवाखान्यात ठेवली न् माघारी आलो— शाळा उघडलेल्या, पुस्तकांचा ढीग दारात. चार दिसांत येतो म्हणालो. बाराव्या दिशी गेलो. खाटंवर दुसरीच बाई. नर्स म्हणाली, वारली, कुणी न्यायला आलं न्हाई, कालिजाला दिली. कुठल्या कालिजाला? न्हाई ईचारलं. का न्हाई?— भ्यालो. म्हणतील, बारा दिस कुठं व्हतास? घरी येऊन सांगितलं, पुण्यातच अग्नी दिला, मी दिला. प्रज्ञा तवा तीन वर्सांची. तिला अजून तेच ठाव हाय— हे तुमाला कशाला सांगत बसलो मी?

पण पत्ता दिलता की मी! केसपेपरावर, माझ्यासमोर लिव्हला त्यांनी. भागुजी बाइंडर, आठवडे बाजार, जुन्नर. एक पोष्टकार्ड आलं न्हाई.

कागद घ्या. लिव्हा कालिजाला— हात माझ्या बायकोचा हाय, माघारी द्या. बारा दिसांचंबी लिव्हा. लिव्हा म्हणतो ना! प्रज्ञाला मी सांगंन.

न् त्याच्या आधी चित्राखालचं इंग्रजी वाचा तेवढं. सावकाश— बेवारस स्त्री. पुढं?— नाव अज्ञात.

परत वाचा.

संपतराव, फोटू काढणाऱ्यानं उजेड बराबर नावावरच पाडलाय.