पांढऱ्या पाटीची पूजा

हॅलो? कमलकाकू? … हो, मी ऋजुता, देवासहून. काका कुठे आहेत? … शेतात? ट्रॅक्टर आला का? … अगं, चहाचं राहू दे, आधी बाहेर जा… हो, फोन घेऊनच जा. सोयाबीनवर रोटावेटर फिरवू नका म्हणावं! … हो, हो, मीच काल म्हणाले होते, सगळ्या पिकाला पीला मोजेक लागलाय, पानं पिवळी पाडणारा तो रोग, मोडून टाका. चुकलं ते.

अगं ऐक ना, चालता चालता ऐक. ड्रोन उडवायच्या आधी आम्ही खाली एक पांढरी पाटी ठेवली होती ना… तीच. ड्रोनवरचा कॅमेरा आधी तिच्याकडे बघतो, पांढरं म्हणजे किती पांढरं ते ठरवतो, मग पानांचे रंग मोजतो. आपल्याला दिसत नाहीत ते रंगसुद्धा. … जादू कसली गं! आज त्या पाटीचा फोटो उघडला, तर मधोमध हळदीकुंकवाचं स्वस्तिक. कॅमेऱ्याने तेच पांढरं धरलं, म्हणून सगळं शेत रोगट दिसलं. … तू काढलंस? … नवं यंत्र म्हणून पूजा केलीस, बरं. पण मनन शेजारीच होता, त्याने अडवलं नाही? … त्यानेही हात जोडले? धन्य आहे! एवढा शिकलेला माझा कामातला जोडीदार! आणि मी तिकडे बॅटरी लावत बसले होते.

नाही गं, रागावले नाही. … अगं, रडतेस काय? पाटीचा एक कोपरा कोरा होता, त्यावरून सगळा हिशेब पुन्हा केला. पीक एकदम बढिया आहे. नाल्याकडची कड तेवढी पिवळी… काय? कसला आवाज? … सुरू झाला? ट्रॅक्टरवाल्या भियाला हात दाखव! ओरड! …

थांबला? … कडेचं थोडं गेलं? जाऊ दे, जाऊ दे. दे काकांना.

काका, नमस्कार. … हो, शेत चांगलं आहे. माझंच मोजणं चुकलं. … काय? तुम्हाला हिरवंच दिसत होतं? … मग ट्रॅक्टर का बोलावलात? … मी म्हटलं म्हणून?

… काका, असं नका ना करू. उभं पीक मोडायला निघालात, माझ्या एका शब्दावर… … असेन शिकलेली. तरी पटलं नाही तर आधी भांडायचं माझ्याशी. चांगलं कडाकडा भांडायचं. … हो, येते रविवारी तुमच्याकडे तिरल्याला. … हो, जेवायलाच. ठेवते, काका.