उंबरदरीची लाइन

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या विश्वस्त मंडळाचे ज्येष्ठ सदस्य माननीय सोमनाथराव थेटे, व्यासपीठावर बसलेल्या हृदयरोग विभागाच्या प्रमुख डॉ. प्रतिभा निकम, आजचे सत्कारमूर्ती श्री. सावळीराम पिंगळे, त्यांच्यासोबत मखमलाबादहून आलेल्या त्यांच्या पत्नी सौ. विमलाबाई, आणि ड्युटी सांभाळून, काही जण ड्युटी टाळून, इथे जमलेले माझे सर्व सहकारी. सर्वांना नमस्कार.

मी थोड्या बसक्या आवाजात बोलेन, ते चालवून घ्या. गोदाकाठ सेवा रुग्णालयात प्रशासकीय अधिकारी म्हणून मला एकवीस वर्षं झाली. या सभागृहात, याच माइकवर, निरोपाची किती भाषणं केली याची मोजदाद मी सोडून दिली आहे. दर वेळी मी 'हसतमुख व्यक्तिमत्त्व' म्हणतो, 'पोकळी' म्हणतो, मग शाल दिली जाते आणि मग आपण वडा खातो. आजही मी तसंच भाषण लिहून आणलं होतं. ते या खिशात आहे, आणि ते वाचायची मला इच्छा राहिलेली नाही.

सावळीराम आमच्याकडे टेलिफोन ऑपरेटर. तळमजल्यावर जिन्याखालची ती खोली, तिथे चौतीस वर्षं. नवीन मुलामुलींना तर आपल्याकडे ऑपरेटर आहे हेच माहीत नव्हतं. त्यात त्यांचा दोष नाही. प्रत्येकाच्या खिशात फोन असताना जिन्याखालच्या माणसाला कोण विचारणार?

पंचवीसेक वर्षांपूर्वी आपल्या रुग्णालयाने डोंगरातल्या दोन आरोग्य केंद्रांसाठी एक योजना काढली होती. पेठच्या बाजूची उंबरदरी आणि तिथून चौदा किलोमीटर आत धोंडपाडा. तिथल्या रुग्णाच्या छातीत दुखलं, की ईसीजीचा कागद संगणकात घ्यायचा आणि साध्या टेलिफोनच्या तारेवरून इकडे पाठवायचा. इंटरनेट नव्हे बरं का. तिकडे एक मोडेम, इकडे एक मोडेम, मध्ये फक्त फोन. ज्यांनी तो आवाज ऐकलाय त्यांना आठवेल. आधी शिट्टी, मग घशात खरखर झाल्यासारखं काहीतरी, आणि मग एकदम शांतता. शांतता झाली म्हणजे जुळलं.

पुढे इंटरनेट आलं, मोबाइल आले, योजना कागदावरही राहिली नाही. सावळीरामांनी मात्र तो मोडेम फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते तो काढायचे, उंबरदरीला आणि धोंडपाड्याला फोन लावायचे आणि एकेक जुना ईसीजी मागवून बघायचे. उंबरदरीला राखी नावाच्या परिचारिका आहेत, त्यांना हे सगळं सावळीरामांनीच शिकवलं. मी एकदा जिन्यावरून जाताना तो आवाज ऐकला आणि आत जाऊन त्यांना म्हणालो, की रुग्णालयाच्या फोनवर हे शिट्ट्यांचे खेळ कशाला?  पुढच्या महिन्याच्या सोमवारी त्यांनी दार लावून घेतलं.

अध्यक्ष महोदय, मला वेळेची जाणीव आहे. चहावाले मागे उभे आहेत तेही दिसतंय. पण पुढचं सांगितल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही.

तीन वर्षांपूर्वी माझ्या टेबलावर एक यादी आली. वापरात नसलेल्या लाइनी टेलिफोन खात्याला परत करायच्या. त्या यादीत उंबरदरी आणि धोंडपाडा होते. दोन्हीकडे महिन्याला एकच कॉल, तोही सोमवारचा. मी दोन्हींपुढे 'बंद करावी' असं लिहायला पेन उचललं होतं. एवढ्यात सावळीराम वर आले. माझ्या केबिनमध्ये ते आपणहून आलेले मला आठवत नाहीत. टोपी हातात घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, एक तरी ठेवा."

मी एक ठेवली. कोणती ठेवायची यावर मी विचार केला असेल असं आपल्याला वाटत असेल. मी यादीत वर असलेलं नाव ठेवलं. ते उंबरदरीचं होतं. खाली सही केली आणि जेवायला गेलो.

आता गेल्या सप्टेंबरकडे येतो. घाटात रस्तारुंदीचं काम चाललं होतं. एका मंगळवारी सकाळी यंत्राने खोदताना इंटरनेटची केबल तुटली, आणि तासाभरात त्याच जागी दरड खाली आली. पलीकडचे मोबाइलचे मनोरे त्याच केबलवर होते, तेही गेले. रस्ता बंद, त्यामुळे दुरुस्तीवाले जाऊ शकत नाहीत आणि आपली रुग्णवाहिकाही जाऊ शकत नाही. तीन दिवस तो सगळा भाग आपल्या दृष्टीने नाहीसा झाला होता. फक्त उंबरदरीचा तो जुना फोन चालू होता, कारण तिथल्या टेलिफोन केंद्राचा संदेश डोंगरावरच्या जुन्या बिनतारी मनोऱ्यावरून यायचा, घाटातल्या केबलवरून नाही. हे मला नंतर सावळीरामांनी समजावून सांगितलं. त्या दिवशी मला एवढंच कळत होतं की माझ्या संगणकावर तिकडचं काही उघडत नाही.

अकराच्या सुमाराला जिन्याखाली फोन वाजला. उंबरदरीच्या डॉ. हर्षाली. त्यांच्याकडे लहानू गावित नावाचा शेहेचाळीस वर्षांचा माणूस आला होता. वरईच्या शेतात काम करता करता छाती धरून बसला, भावांनी मोटारसायकलवर मध्ये बसवून आणला. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्यांच्या फ्रीजमध्ये होतं. पण ते चुकीच्या माणसाला दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून इकडच्या तज्ज्ञाने ईसीजी पाहिल्याशिवाय ते द्यायचं नाही असा नियम आहे. डॉ. प्रतिभा मॅडम खाली येऊन फोनवर बोलल्या. हर्षाली रेषांचं वर्णन करत होत्या. मॅडम विचारत होत्या, किती वर गेलीय, कोणत्या कप्प्यात, खाली उतरताना कशी उतरते. पाच मिनिटांनी मॅडम म्हणाल्या, की ऐकून मी हे ठरवू शकत नाही.

तेव्हा सावळीरामांनी कपाट उघडलं.

पहिला प्रयत्न शिट्टीतच गेला. दुसऱ्यांदा जुळलं. पडद्यावर टक्के चढू लागले. चाळीस, साठ, ऐंशी. सत्त्याण्णव टक्क्यांवर लाइन तुटली.

ती कशी तुटली ते मी सांगतो, कारण ते फक्त मला आणि सावळीरामांना माहीत आहे. त्याच लाइनचा एक जोडफोन माझ्या केबिनमध्ये आहे. तिकडचं इंटरनेट अजून का येत नाही हे विचारायला मी तो उचलला. कानात करकर आली, म्हणून वैतागून आपटला. मग तणतणत खाली गेलो. त्या खोलीत पाहिलं तर मॅडम पडद्याकडे बघताहेत आणि सावळीराम माझ्याकडे. ते एवढंच म्हणाले, "साहेब, वर कुणी फोन उचलू नका. तुम्हीच थांबा तिथं."

मी वर गेलो आणि माझ्याच फोनवर हात ठेवून उभा राहिलो. एकवीस वर्षांच्या नोकरीत केलेलं ते माझं सर्वांत उपयोगी काम असावं.

खाली त्यांनी राखीताईंना वेग अगदी कमी करायला लावला आणि कागदाचा फक्त मधला भाग पुन्हा घ्यायला सांगितला. राखीताई घाबरल्या होत्या. सावळीराम त्यांना म्हणत होते, "ताई, घाई नका करू. लय हळू जाऊ द्या. हळू गेलं तर पोचंल." चार मिनिटं लागली. मॅडमनी ईसीजी पाहिला, फोन हातात घेतला आणि इंजेक्शन द्या म्हणाल्या. पुढचा सगळा वेळ त्या फोनवरच होत्या.

लहानू गावित जगले. रस्ता उघडल्यावर त्यांना इकडे आणलं, अँजिओप्लास्टी झाली. आज ते इथे आलेत, तिसऱ्या रांगेत बसलेत. आता उठून हात जोडताहेत. बसा दादा, बसा. टाळ्या जरूर वाजवा. पण माझं संपलेलं नाही.

त्याच आठवड्यातला गुरुवार. रस्ता अजून बंदच. धोंडपाड्याच्या मालनबाई चौधरी, वय बावन्न. सकाळी आठला छातीत दुखायला लागलं. केंद्र घरापासून हाकेच्या अंतरावर, त्या स्वतः चालत गेल्या. तिथल्या परिचारिकेने ईसीजी काढला. इंजेक्शन तिथेही फ्रीजमध्ये होतं. मोडेमसुद्धा होता, खोक्यात. फक्त तो ज्या भोकात जोडायचा त्याच्यामागे उंबरदरीच्या टेलिफोन केंद्रातून येणारी तार आता नव्हती.

जीप मिळवायला तास गेला. ईसीजीचा कागद सुनेच्या, पूजाच्या, हातात दिला आणि त्यांना उंबरदरीकडे आणायला निघाले. चौदा किलोमीटर. शेवटच्या वळणावर मालनबाईंचा श्वास थांबला. जीप उंबरदरीला पोचताच हर्षालींनी आत चढून अर्धा तास प्रयत्न केले.

दुपारी उंबरदरीहून फोन आला. हर्षाली म्हणाल्या, पेशंट गेली आहे, पण ईसीजी पाठवते, मला कळायला हवं. सावळीरामांनी तो उतरवून घेतला. त्या वेळी मी खोलीतच होतो. मॅडमनी तो बराच वेळ पाहिला. मग म्हणाल्या, "सरळ केस होती. इंजेक्शन द्यायला सांगितलं असतं."

कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. धोंडपाड्याची लाइन कुणी बंद केली हे त्या खोलीत फक्त दोघांना माहीत होतं, आणि त्यातला एक यंत्राची वायर गुंडाळत होता.

दोन आठवड्यांनी आम्ही दोघे धोंडपाड्याला गेलो. रुग्णालयाच्या वतीने भेट, असं मी रजिस्टरमध्ये लिहिलं. पूजाने चहा दिला. नाचणी कशी आहे, मुलगा कुठे शिकतो, हे बोलणं झालं. इंटरनेट बंद होतं, रस्ता बंद होता, काय करणार, असं तीच आम्हाला समजुतीने म्हणाली. मी मान हलवली. सहीचं बोलायला गेलो होतो आणि मान हलवून आलो.

 परतताना पेठ ओलांडल्यावर सावळीराम गाडीत म्हणाले, "साहेब, चूक माझीबी हाय. एक तरी ठेवा म्हणलो मी. दोन्ही ठेवा म्हणायला पाह्यजे होतं. तुम्ही नाय म्हणाल म्हणून आधीच निम्मं मागितलं."

मित्रहो, त्या वाक्यानंतर मला नीट झोप लागलेली नाही असं मी म्हणणार नाही. मला झोप लागते. या वयात आणि या नोकरीत माणूस दमून झोपतोच. पण जो माणूस दर महिन्याच्या त्या सोमवारी दार लावून ते यंत्र जिवंत ठेवत होता, त्याने हे ओझं घेऊन निवृत्त व्हावं, हे मला चालणार नाही. म्हणून आज सर्वांसमक्ष सांगतो. विमलाबाई, तुम्हीही ऐका, कारण सावळीराम घरी तुम्हाला हे बोलले नसतील. ती सही माझी होती. त्यांनी मागितलं त्यातलं मी निम्मं दिलं, आणि तेही विचार न करता.

त्यानंतर मी धोंडपाड्याच्या लाइनसाठी अर्ज केला. उत्तर आलं, की तांब्याच्या तारेची नवीन लाइन आता कुणालाच देत नाहीत. परत केलेली पुन्हा मिळत नाही. दुसरी काही सोय करता येते का, हे आपण पाहतो आहोत. अजून झालेली नाही, आणि होईल असं या व्यासपीठावरून मी आश्वासन देत नाही. आश्वासनं मी पूर्वी खूप दिली आहेत.

उंबरदरीची लाइन आहे. जानेवारीपासून सोमवारचा तो कॉल मी लावतो. सत्तावन्नाव्या वर्षी शिकलो. सावळीराम शेजारी बसायचे, माझा हात चुकला की नुसते खाकरायचे. आता पुढच्या महिन्याच्या सोमवारी खाकरायला कुणी नसेल. मी निवृत्त होण्याआधी दोन जणांनी माझ्याकडून हे शिकून घ्यावं, एवढी विनंती करतो. नावं आजच चहाच्या वेळी द्या.

सावळीराम, तुम्हाला मळ्यात झेंडू लावायचाय असं ऐकलं. लावा. दुपारी झोपा. फोन वाजला तर दुसऱ्याला उचलू द्या. शाल अध्यक्षांच्या हस्ते देण्यात येईल.

मला बोलायला दिल्याबद्दल अध्यक्षांचे, ऐकून घेतल्याबद्दल आपणा सर्वांचे आणि पेठहून दोन गाड्या बदलून आलेल्या लहानू गावित यांचे आभार मानतो. बोलण्यात वेळ जास्त गेला, एखाद्याचं नाव घ्यायचं राहिलं असेल, ते सारं पोटात घाला. एका गोष्टीचा मात्र क्रमच चुकला. हे सगळं मी आधी धोंडपाड्याला पूजासमोर सांगायला हवं होतं, आणि मग इथे. आज इथे आधी सांगितलं, कारण इथे सांगणं सोपं होतं. येत्या रविवारी सकाळच्या गाडीने मी तिकडे जातो आहे. या वेळी एकटा.

नमस्कार.