चिंचेची चकाकी

(नाशिकमधलं बंदुकांचं जुनं दुकान. महेश सायखेड्याहून आईला, धोंडाबाईंना, घेऊन आलाय. काउंटरवर फडक्यावर त्याच्या वारलेल्या वडिलांचं, रंगनाथभाऊंचं, निकेल चढवलेलं रिव्हॉल्व्हर; त्यांच्या माघारी ते इथेच जमा होतं. पलीकडे दुकानदार हातिमभाई.)

महेश : परवाना माझ्या नावावर झालाय, चाचा. आजच देऊन टाका. अंबडला मित्राचा प्लेटिंगचा कारखाना आहे. नवं निकेल चढवलं की खंडेनवमीला पाटावर कसं झळकेल!

हातिमभाई : कारखान्यात? बेटा, परवाना नसलेल्याच्या हातात हत्यार देणं म्हणजे गुन्हा. आणि आधी हे बघ. चक्र उघडलं, गोळ्यांची सगळी घरं रिकामी. तूही बघ. हातात घेतलं की पहिलं काम हेच.

महेश : रिकामं आहे. माल कसा आहे पण?

हातिमभाई : इंग्रजी बनावट, बत्तीस बोअर. घोडा नीट चढतो, चक्र घट्ट बसतं, चक्रावरचा आणि सांगाड्यावरचा नंबर एकच. आतून तरणं आहे. बाहेरचं निकेल मात्र कडांना उडालंय. आणि नळीच्या तोंडाशी हा डाग. इथं गंजानं लोखंड खाल्लंय.

धोंडाबाई : त्येच इचारायचंय मला मघाधरनं! ह्यो डाग कुठून आला? आमच्या घरी असं नव्हतं. मी माज्या हातानं आरशावानी करून ठिवत व्हते. तुमच्याकडं जमा केलं अन् ही दशा?

महेश : आई, हळू.

धोंडाबाई : का हळू? ह्यांच्या माघारी येवढी येकच वस्तू ऱ्हायली.

हातिमभाई : वहिनी, आरशासारखं कशाने करायच्या?

धोंडाबाई : कशानं म्हंजी? चिंच अन् चुलीतली राख. खंडेनवमीला समई, तांब्या, इळा, कोयता, समदं येका घमेल्यात घासायची. त्यातच ह्ये.

महेश : निकेलला चिंच? आई!

धोंडाबाई : झळकायचं की! ह्यांनी मातर कधी येका शब्दानं चांगलं म्हणलं नाय. उलट दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी, सोनं द्यायला अजून मान्सं दारात अन् ह्यो गडी पिशवी काखंला मारून नाशकाला. दर साली! काम काय इचारलं तर म्हंत्यात, काय नाय. मी लय बोलायची. कोण ठिवलीय नाशकात, इथपत्तुर बोलले.

हातिमभाई : बास, वहिनी. तसं काही नव्हतं.

महेश : तुम्हाला काय माहीत, चाचा?

हातिमभाई : मला शपथ घातली होती रंगनाथभाऊंनी. पण आता जपून कोणासाठी? वहिनी, पिशवीत हे घालून ते इथे यायचे.

धोंडाबाई : इथं?

हातिमभाई : तुम्ही बसलात त्याच स्टुलावर. चिंचेचं पाणी फटीफटीत शिरलेलं असायचं. मी खोलून धुवायचो, सुकवायचो. तेल ते स्वतः लावायचे. मी म्हणायचो, भाऊ, घरी एक शब्द सांगा, दरसालचा हा ताप मिटेल.

महेश : मग?

हातिमभाई : म्हणायचे, 'घासून झालं की ती हे वर धरते अन् माझ्याकडं बघून हसते, हातिमभाई. वर्षभर कामाखाली तिला हसायला फुरसत कुठं? ते पण मीच बंद करू?'

धोंडाबाई : असं म्हंले?

हातिमभाई : दर साली.

धोंडाबाई : मग ह्यो डाग?

हातिमभाई : ते आले नाहीत त्या सालचा. चिंचेसकट कातडी कव्हरात पडून राहिलं. कातडं ओल धरतं. महेशने जमा केलं तेव्हा गंज आत गेला होता.

महेश : शेवटचा दसरा. आई, तू पिशवी लपवली होतीस.

धोंडाबाई : धाप लागत व्हती रे त्यास्नी! दारात आडवी बसले मी. म्हणलं, माज्यावरनं पाय टाकून जावा. लय येळ उभे ऱ्हायले. मंग म्हंले, ऱ्हाऊ दे. अन् खाटंवर जाऊन पडले. दिवाळी बी बघितली नाय त्यांनी... मला वाटलं, मी जितले.

महेश : आई, रडू नकोस. आपण नवं निकेल चढवू. इथेच रीतसर करून घेऊ. डाग दिसणारसुद्धा नाही.

हातिमभाई : पॉलिशच्या चाकावर धरलं की डाग जाईल. पण मुठीच्या वर ही गुळगुळीत जागा बघ. तेल लावताना भाऊंचा अंगठा इथं असायचा. तीही जाईल.

महेश : आणि नाही केलं तर?

हातिमभाई : तेल लावत राहिलास तर डाग वाढणार नाही. जाणार मात्र नाही.

धोंडाबाई : ऱ्हाऊ दे डाग. चाकबिक काय नको, मह्या. अन् भाऊ, मघाशी तुमास्नी नाय नाय ते बोलले, मनावर घिऊ नका.

हातिमभाई : तुमचा हा चढा आवाज भाऊंकडून ऐकून माहीत होता, वहिनी.

धोंडाबाई : त्ये फडकं द्या इकडं. तेल किती घ्यायचं?

हातिमभाई : थेंबभर. लावायचं आणि पुसून घ्यायचं. ठेवायचं सुती कापडात. पूजेला हळदकुंकू याला नको, शेजारी फूल वाहा.

धोंडाबाई : असं पुसायचं?

हातिमभाई : अजून हलक्या हाताने. घासायचं नाही.

धोंडाबाई : समदा जलम घासतच आले की मी. ह्यांनी येकदा तरी वरडायचं व्हतं माज्यावर. येकदा.