दीड किलो कमी

क्लार्क : विमा कंपनीचं पत्र पुन्हा वाचून दाखवू का?

बायको : नको, दोनदा वाचलंत. आता अर्थ सांगा. 'शस्त्रक्रिया निकषांत बसत नाही' म्हणजे काय? मी स्वतः ऑफिसात फॉर्म तपासते. एक रकाना रिकामा सोडला नव्हता.

क्लार्क : रकान्यांचं काही नाही हो. वजन कमी करायच्या ऑपरेशनला उंची-वजनाचा आकडा चाळीस लागतो. यांचा साडेएकोणचाळीस भरला.

मेकॅनिक : मग किती कमी पडलो मी?

क्लार्क : दीड किलो.

मेकॅनिक : घ्या! उभ्या जन्मात पहिल्यांदा माझं वजन कुठेतरी कमी पडलं.

बायको : अहो, हसताय काय? बाई, सहा महिन्यांपूर्वी हे एकशे एकवीस होते. तेव्हाच आलो होतो आम्ही, याच खिडकीवर. तुम्हीच म्हणालात, आधी सहा महिने आहारतज्ज्ञांकडे पथ्य करा, मग अर्ज घेतात.

क्लार्क : मी नाही, विमा कंपनी म्हणाली. मी निरोप दिला.

बायको : यांनी केलं पथ्य. ही वही बघा, दर आठवड्याची सही आहे. सात किलो उतरले. आणि आता तुम्ही म्हणता, उतरलात म्हणून नाही?

क्लार्क : अर्जाच्या दिवशी जे भरतं तेच धरतात.

मेकॅनिक : पण हे टिकत नाही हो मॅडम. याआधी तीनदा उतरवलंय मी. दरवेळी व्याजासकट परत आलं. डॉक्टरांनी तसं लिहूनही दिलंय.

क्लार्क : लिहिलंय. मी जोडलं होतं.

बायको : आणि साखर? साखर असली तर पस्तीसलाही चालतं, असं पुस्तिकेत आहे. मी खूण करून आणलंय.

क्लार्क : तिथे पुढे एक शब्द आहे बघा. 'अनियंत्रित'. यांची साखर गोळ्यांनी ताब्यात आहे.

बायको : कारण हे वेळेवर गोळ्या घेतात!

क्लार्क : हो.

बायको : म्हणजे गोळ्या चुकवल्या असत्या, पथ्य मोडलं असतं, तर मिळालं असतं?

क्लार्क : असं मी कसं म्हणू?

मेकॅनिक : जाऊ दे गं. त्यांच्या हातात असतं तर त्यांनी...

बायको : जाऊ कसं दे? झोपेत यांचा श्वास अडकतो हो. मी शेजारी आकडे मोजत पडते. वीस झाले की हलवते. परवा माझाच डोळा लागला. जाग आली तेव्हा किती झाले होते, कुणाला ठाऊक? ते तुमच्या कुठल्या रकान्यात भरू?

क्लार्क : पाणी घ्या. घ्या ना.

मेकॅनिक : मॅडम, मी लिफ्टचा मेकॅनिक. वीस वर्षं शाफ्टमध्ये उतरलो. आता शिडीवर चढवत नाहीत, स्टोअरला बसवलंय, नटबोल्ट मोजायला. स्टोअरची जागा मार्चमध्ये बंद होतेय. नोकरी गेली की हा विमाही गेला. म्हणून घाई होती. एरवी तुम्हाला त्रास दिला नसता.

क्लार्क : त्रास कसला? फेरविचाराचा अर्ज करता येतो. मी आजच पाठवते. पण खोटी आशा नाही लावत. यंदा असे अकरा पाठवले.

बायको : आणि?

क्लार्क : अकराही जणांना हेच पत्र आलं. फक्त तारीख बदलून.

बायको : आणि नव्याने अर्ज केला तर?

क्लार्क : तर वजन नव्याने करतात. वही हीच चालेल.

बायको : कधी करता येईल?

क्लार्क : पुढच्या सोमवारी. पण ताई, तुमच्या मनात काय आलंय ते कळलं मला. वहीत सात किलो उतरलेले दिसतायत. आता वाढलेलं दिसलं, तर 'रुग्णाने पथ्य पाळलं नाही' असा शेरा मारतात. बघितलंय मी तसंही.

बायको : कमी झालं तरी नाही, वाढलं तरी नाही.

क्लार्क : माफ करा. मागे रांग आहे.

(दवाखान्याचं कँटीन. कोपऱ्यातलं टेबल.)

मेकॅनिक : हे काय? एवढे पाव? आणि लोणी कुणाला?

बायको : तुम्हाला. चहा साखरेचा आहे, ढवळून घ्या.

मेकॅनिक : अगं, काल अर्ध्या बिस्किटावरून बोलणी खाल्ली मी तुझी.

बायको : काल वेगळं होतं.

मेकॅनिक : त्या बाईंनी सांगितलं ना, वाढलं तरी नाहीच म्हणतील.

बायको : म्हणू देत. निदान चाळीस भरल्यावर तरी म्हणू देत. सोमवारपर्यंत पाच दिवस आहेत.

मेकॅनिक : साहेबांना भेटून बघू का परत? स्टोअरचं अजून नक्की नाही म्हणत होते.

बायको : साहेब फोन उचलत नाहीत तुमचा. महिना झाला.

मेकॅनिक : तुला माहितीये?

बायको : रोज जिन्यात उभं राहून लावता. आवाज येतो आत. घ्या, गार होतोय.

मेकॅनिक : तू घे ना एक.

बायको : मला नको. लोणी नीट लावा, कडेपर्यंत.

मेकॅनिक : हं.

बायको : आणखी एक.

मेकॅनिक : पोट भरलं गं. सवयच गेली. घास खाली उतरत नाहीये.

बायको : चहाबरोबर घ्या.

मेकॅनिक : तू रडू नकोस आधी. लोक बघतायत.

बायको : बघू देत. खा.

मेकॅनिक : खरंच भूक नाहीये मला.

बायको : माहितीये हो. खा.