घोडेबुवांचे झाले आईबुवा

…आणि घोडेबुवांचे झाले आईबुवा! आता पुजारी देवीपुढे वाचणार काय, तर 'गल्ली पाच, घर सात, श्रीयुत आई'? तुम्हाला सांगते, आम्हां ताइनानकरांची आडनावं सुरावर उभी असतात. 'मा' हे आडनाव म्हणताना आवाज बुडी मारून वर आला तर घोडा, सपाट राहिला तर आई! लिहिताना ही बुडी मारायची कळ कुठली? तीन आकड्याची. आणि नव्या कीबोर्डात मुकी झाली कुठली? तीच! देवळातल्या नावानावाच्या दिव्यांची माझी यादी, साठ पानं, आठशे दिवे, सगळे घोडे आई, आणि बुडी गेल्यामुळे तुंग मंडळी तर खानदानासकट 'हिवाळा' होऊन बसलेली!

मूळ दोष माझा हो. कोहळ्याचा चहा लॅपटॉपवर मीच सांडला. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्या ल्याओ मास्तरांनी सकाळी नवा कीबोर्ड बसवून दिला, काय हात हो त्या माणसाचे! मान खाली घालून सगळी यादी लिहिली, आणि दुपारी बघते तर तीन गप्प. दाबते… नाही. पुन्हा दाबते… नाही. देवीचं नाव घेऊन दाबते… तरी नाही!

शेजारची पाओ-चू म्हणते, "अगं, आण इकडे, मी देते माझ्या मशीनवर लिहून. देवी काय तुझी बोटं मोजत बसल्येय?"

मोजते हो! नवस होता माझा. आमच्या ह्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं ना, तेव्हा देवळात माझूमातेपुढे बोलले होते, की ह्यांना दिसू दे, यंदाच्या दिव्यांची यादी मी माझ्या बोटांनी लिहीन, एक नाव चुकू देणार नाही. नाव चुकलं की दिव्याचा उजेड भलत्याच्याच घरी जातो! आणि वाचन चार वाजता!

लॅपटॉप उचलून धावले. मास्तर जेवत होते. भाताचा वाडगा बाजूला सारून उठले! मी म्हटलं, "मास्तर, रिवाजाप्रमाणे वर खाऊचं हे हिरवं पाकीटसुद्धा ठेवलं होतं, यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून." त्यांनी पाकीट उलटं करून पाहिलं. "ताई, ह्याची मुदत गेल्याच महिन्यात संपली. ते बिचारं कुणाला शहाणपण शिकवणार?"

पण हसले नाहीत हो. बाहेरून दुसरा कीबोर्ड जोडला, त्याचा तीन दाबला, घोडा उमटला! "डोकं शाबूत आहे ताई, हातच दुखतोय." मग लॅपटॉपचं पोट उघडलं, कीबोर्ड जोडणारी आतली पट्टी काढून नीट बसवली… आई. पुसून पुन्हा बसवली… आईच! मग डोळे मिटले आणि कळांवरून बोट फिरवलं, तापातल्या लेकराच्या कपाळावरून फिरवावं ना, तसं… आणि तीनवर थांबले. "इथे खालून काहीतरी टोचतंय." लॅपटॉप उलटा केला, एक स्क्रू काढून दुसऱ्याशेजारी धरला. तिळाएवढा जास्त लांब! तो खालून टेकलेला, कळ दबणार कशी? काय हात हो त्या माणसाचे!

आणि म्हणाले काय? "चूक माझी, ताई. सकाळी घाईत ह्या भोकातला त्या भोकात गेला." ऐकलंत? चूक माझी! धुण्याचं यंत्र दुरुस्त करणाऱ्यानं आमचं पाणी, आमची भिंत, माझा स्वभाव, सगळ्यांना नावं ठेवली होती. आणि हा माणूस वाकून माफी मागतो!

घरी आले तर तीन वाजलेले. तुंग मंडळी हातानं सुधारली. आणि घोडे? दोनशेच्या वर! सुनेनं शिकवलेली एक युक्ती होती, की जिथे जिथे 'आई' तिथे 'घोडा', एकदाच सांगायचं. मनात आलं, दाबणारं बोट तर माझंच ना? दाबलं! सगळे घोडे आपापल्या तबेल्यात. छापलं. ह्यांनी पहिलं पान उचललं, नव्या डोळ्यांनी न्याहाळलं, आणि…

"अगं, हे काय! देवीला घोडी केलीस?"

बाई गं! माझूमातेतला 'मा' आईचाच ना! प्रत्येक पानाच्या माथ्यावर तिचं नाव, साठही पानांवर घोडी! बसले मग. एकेक पान, एकेकदा आई, माझ्या बोटांनी. मोजतच होती ती, म्हटलं नव्हतं? शेवटी एक दिवा ल्याओ मास्तरांच्या नावाचा वाढवला, पुन्हा छापलं, आणि चाराला पाच कमी असताना यादी पुजाऱ्यांच्या हातात. एक नाव चुकलं नाही.

नवस फिटला हो. देवीनं भरभरून दिलं. ह्यांना आता इतकं स्वच्छ दिसतं… सूपमधला केस दिसतो, खिडकीतली धूळ दिसते, माझं चुकलेलं बटण तर रस्त्यापलीकडून दिसतं! "अगं, हे काय… अगं, ते काय…" दिवसभर! तुम्हाला सांगते, चूक माझीच… नवस एकाच डोळ्याचा बोलायला हवा होता!