ओळ संपली की…

योगिनी : मालनताई, कडी काढा! मोठ्या साहेबांची गाडी हातखंब्याहून निघाली. आत्ताच फोन आला.

मालन : नाय काढणार. सांग त्यांना, टायपिस्ट बाई वारली.

योगिनी : सकाळी तुम्हीच तर त्यांच्याशी फोनवर बोललात!

मालन : मग सांग, त्यानंतर वारली.

हुसेन : मालनबाय, कुठेही वार, पण माझ्या स्टोअरमध्ये नको. आत आमरसाचे डबे आहेत, दुबईला जायचे.

मालन : तू गप रे, हुसेनभाय. तू स्टोअरकीपर. तुझ्या टेबलावर नाय ना आणून बसवला तो कॉम्प्युटर!

हुसेन : टेबलावर नाय, काल मांडीवर बसवलास तू. भाकरी खात होतो मी!

मालन : मुद्दाम केलं काय? सगळं आयुष्य टाइपरायटर बडवला. ओळ संपली, घंटी वाजली, की हात आपोआप वरचा रूळ उजवीकडे ढकलायला जातो.

योगिनी : पण ताई, कॉम्प्युटरला घंटी नाहीये.

मालन : माझ्या डोक्यात वाजते ना! झोपेतसुद्धा वाजते. परवा ह्यांना ढकललं, पलंगाखाली गेले. उठून बिचारे परत येऊन निजले, तर पुढची ओळ संपली.

हुसेन : म्हणून दादा पावसच्या बाजारात लंगडत होते! मला वाटलं संधिवात.

मालन : हसू नको मेल्या. साहेबांनी सांगितलंय, दोन हजार साल उजाडलं, आता ज्याला कॉम्प्युटर जमणार नाय, तो आंबे सोलायला. आज तेच बघायला येतायत. ह्या वयात कोयी चिवडत बसू?

योगिनी : तुम्ही निदान आंबे तरी सोलाल. मी कुठे जाऊ?

मालन : तुला काय झालं? तुला येतो म्हणून तर मला शिकवायला घेतलंय.

योगिनी : कोर्सला सगळ्या मुलींत मिळून एकच होता. माझी पाळी आली की लाइट जायची. मी निम्मं कागदावर चित्रं काढून शिकले. माउससुद्धा.

मालन : माउस? कागदावर?

योगिनी : शेपटीसकट. काल पडदा निळा झाला ना, तेव्हा बाथरूममध्ये जाऊन रडले.

मालन : अगो बाय माझे! आणि मी म्हणतेय, पोरीला सर्दी झाली. थांब, रडू नको, काढते कडी. हुसेनभाय, वाटेतून बाजूला हो.

हुसेन : आता माझं ऐका. बोटीवर होतो तेव्हा दर्या उसळला तरी माझी कपबशी हलली नाय. त्या डबड्याला टेबलाशी बांधून टाकतो. अशी गाठ मारतो, की तू काय, वादळालाही ढकलता येणार नाय.

(साहेब येऊन गेल्यावर. तिघं पडवीत चहा घेतायत.)

योगिनी : गाठ नाही सुटली, हुसेनचाचा. पण अख्खं टेबलच चाललं की हो!

हुसेन : टेबल बांधायचं कोण बोललं होतं मला?

मालन : आणि साहेबांना नेमकं माझ्या उजव्या हातालाच उभं राहायचं होतं, कौतुकाने! पत्राची पहिली ओळ संपली, ते सरकले. दुसरी संपली, अजून सरकले. मी आपली खुर्ची ओढत मागोमाग.

योगिनी : ‘युवर्स फेथफुली’ला त्यांची पाठ भिंतीला लागली.

हुसेन : पोटात टेबल, तरी ओरडले नाय.

मालन : ओरडायला श्वास नको? मी म्हटलं, झालं, उद्यापासून सुरी हातात.

योगिनी : छापलेलं पत्र त्यांनी तिथूनच अडकल्या अडकल्या वाचलं. एक चूक नाही! म्हणाले, ‘बाई, छान झालंय. उद्या सुताराला सांगून टेबल जमिनीला ठोकून घ्या. आणि आता मला बाहेर काढा.’

मालन : म्हणजे मी टायपिस्टच ना गो? भीतीने मला धड ऐकूच आलं नाय.

योगिनी : टायपिस्टच. आणि मीपण राहिले.

हुसेन : एक सांगू? गाडीत बसताना साहेबांनी मला बाजूला घेतलं. हळूच म्हणाले, ‘मुंबईला माझ्या केबिनमध्येपण एक आणून ठेवलाय. वरचं फडकं काढायची अजून हिंमत झाली नाही. कोणाला बोलू नकोस.’

मालन : आणि तू लगेच बोललास!

हुसेन : तुम्ही काय परक्या आहात?

योगिनी : शिकवेल की त्यांना कोणीतरी. एवढं मोठं ऑफिस त्यांचं.

मालन : नाय गो. साहेब झाल्यावर विचारायचं कोणाला?