आईची उपाशीपोटीची गोळी

चहावरून आठवलं म्हणून सांगतो. आमच्या आईला थायरॉइड निघाला. सारखा थकवा, केस गळायचे, आणि बदलापूरच्या उन्हाळ्यातही अंगावर शाल. डॉक्टरबाईंनी गोळी दिली, रोज सकाळी उपाशीपोटी. पुढे दोनदा डोस वाढवला, तरी रिपोर्ट काही सुधारेना. आई जिन्यात मध्येच बसायला लागली, तेव्हा मात्र मी घाबरलो आणि तिच्यासोबत अंबरनाथला दवाखान्यात गेलो.

"काकू, गोळी उपाशीपोटीच घेता ना?" बाईंनी विचारलं.

"हो तर. पोटात अन्नाचा कण नसतो."

"कशाबरोबर घेता?"

"चहाबरोबर."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो काकू, चहा घेतल्यावर उपाशीपोट कुठलं?"

"चहाने कधी उपास मोडतो का?" आईने शांतपणे विचारलं.

बाईंनी डोस पुन्हा पहिल्यावर आणला आणि कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'गोळी पाण्याबरोबर. चहा एक तासाने.'

दोन महिन्यांनी रिपोर्ट नॉर्मल आला. मी म्हटलं, "बघ, जमलं ना?"

"जमलं रे," आई घड्याळाकडे बघत म्हणाली. "पण यापेक्षा एकादशी बरी. तिला चहा तरी चालतो."